केकवरचा कॅपिबारा आणि मी

मित्रांनो, विलायतेतल्या स्टॅनमोरच्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात माझा मुक्काम आहे. मी एक जुना हातमोजा, उजवा. डावाही शेजारीच असतो, पण तो मुखदुर्बळ; बोलणं माझ्याच वाट्याला आलं.

मुळात मी कॅपिबाराचं कातडं. अर्जेंटिनातल्या पाणथळीत आमचा कळप राहायचा. धोका दिसला की एकजण भुंकायचा आणि सगळे पाण्यात बुडी मारायचे. संरक्षण एवढंच, आणि ते पुरायचं. मग माणसांनी भातशेतीसाठी बांध घालून पाणी वळवलं, उरलेलं गवत पेटवलं. शिकारी कुत्री घेऊन आले तेव्हा इशारा वेळेवर मिळाला, कळप धावलाही. पण पाण्याच्या जागी चिखल होता. मी जिच्या अंगावर होतो ती आई होती. पिल्लांची कातडी लहान, कामाची नव्हे. त्यांना मारून तिथेच टाकून दिलं.

मला मिठात पुरलं, चुन्यात भिजवलं, खरवडलं, ताणलं. एवढा छळ सोसून मी लोण्यासारखा मऊ झालो. या घरचे डॉक्टर शशिधर कॉन्फरन्सला तिकडे गेले होते. त्यांनी पत्नीसाठी, अनुराधाबाईंसाठी आमचा जोड आणला. बाईंनी आम्हाला तेल लावून जपलं, पावसात कधी नेलं नाही. येणारेजाणारे कौतुक करायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्यांची नात तनया कॅपिबारावेडी. उशीवर कॅपिबारा, पायजम्यावर कॅपिबारा, शनिवारी पाणथळी वाचवण्याच्या स्टॉलवर पत्रकं वाटायला हजर. आमच्यासाठी रडणारं कुणी असेल तर हीच, असं मला वाटे. यंदा वाढदिवसाचा केकही कॅपिबाराचा होता. आजीनं औक्षण केलं आणि आपली जपलेली वस्तू नातीच्या हाती दिली. ती वस्तू म्हणजे आम्ही.

"आजी, किती सॉफ्ट आहे. कुठला लेदर आहे हा?" मला गालाला लावत तनयानं विचारलं.

आजोबांना परदेशातल्या खरेदीची कथा सांगायला निमित्तच लागतं. ते खुशीत म्हणाले, "अस्सल आहे बरं का. तिकडे नदीकाठी घुशीसारखा मोठा प्राणी असतो, त्याचं. कार्पिंचो म्हणतात त्याला."

स्टॉलवर उभी राहणारी ती पोर. तिला ते नाव ठाऊक होतं.

"आजोबा, कार्पिंचो इज कॅपिबारा."

मग अनुराधाबाई घाईनं म्हणाल्या, "असू दे गं, तो कधीच मेलाय. केक काप बघू."

तनयानं आम्हाला सोफ्यामागे भिरकावलं. मग डोळे पुसून तिनं केकवरच्या कॅपिबाराच्या मानेवर सुरी चालवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र धुळीत पडून सुखावलो होतो. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून कुणीतरी रडलं होतं.

पुढच्या शनिवारी बर्फ पडला. तनयाचे लोकरीचे हातमोजे ओले होते. तिनं आम्हाला शोधून काढलं, हातात धरून जरा घुटमळली. "जस्ट टुडे," ती पुटपुटली आणि तिनं आत बोटं सरकवली. त्या दिवशी कॅपिबारा वाचवा असं सांगणारी पत्रकं मीच वाटली.

आता ती आम्हाला रोज घालते. मित्रांनो, ती मला जपते, तेलही लावते. मला नका जपू. जपायचं होतं ते पाणी.