उपकेंद्रातला हिरवा पडदा

मी एक जुना पडदा आहे. वरूडकडच्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात, तपासणीच्या टेबलाशेजारी मी टांगलेला असतो. माझा हिरवा रंग विटला आहे. कड्या निखळल्यामुळे एका बाजूनं मी लोंबतो.

मित्रांनो, मला इथे आणलं गीतांजली सिस्टरांनी. अमरावतीच्या बाजारातून त्यांनी स्वतः कापड निवडलं आणि शिवून घेतलं. त्यांचा नियम साधा होता. पडदा ओढला की आत फक्त बाई आणि सिस्टर. सासू असो की नवरा, त्यांनी बाहेर थांबायचं. घरी ज्या दुखण्याचं नाव काढायची चोरी होती, ते बाया माझ्या आडोशाला सांगत. जाताना एखादी म्हणे, "पडदा मात्र बेस लावला सिस्टरनं." तेव्हा मला धन्य वाटे.

सीमा त्यांच्यातलीच एक. संत्र्यांच्या पॅकिंगवर कामाला जायची. पाठोपाठ दोन मुली झालेल्या. दुसरीच्या वेळी इतकं रक्त गेलं, की ती मरणाच्या दारातून परतली होती. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "ताई, मले आता पोर नको. घरी न सांगता काही होते का?"

"अंग तुझं आहे, सीमा. ठरवायचा हक्कही तुझाच. कोणाची परवानगी लागत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवली.

काही महिने बरे गेले. मग सीमानं ज्या जावेला विश्वासानं सांगितलं होतं, तिच्याच तोंडून बातमी फुटली. सीमाची सासू सुभद्रा आणि नवरा नितेश तिला घेऊन आले. सुभद्रानं मला हिसका देऊन बाजूला सारलं. माझ्या कड्या निखळल्या त्या तेव्हाच.

"आमचा वंश तुमी कावून बंद केला, सिस्टर? काढा ते आत्ताच्या आत्ता!"

"मी सीमाला विचारीन. तुम्ही बाहेर थांबा."

सिस्टरांनी मला पुन्हा ओढून घेतलं. "सीमा, नाही म्हण. मी आहे तुझ्यासोबत."

सीमा खाली बघत म्हणाली, "तुमी इथं हाय, ताई. घरी तं मी एकटीच रायतो. काढून टाका."

सिस्टरांनी तांबी काढली. तरीही गावातून त्यांच्याविरुद्ध तक्रार गेली आणि त्यांची बदली अकोल्याकडे झाली. त्यांची जागा रिकामीच राहिली. दार बंद, माझ्यावर धूळ.

एका दुपारी बाहेर ट्रॅक्टर थांबला. कोणी तरी कुलूप खडखडवलं. पॅकिंगवरच्या बाया ओरडत होत्या, "कोणी हाय का आत? दार उघडा! सीमा पोटुशी हाय, लय रक्त जाऊन राह्यलं तिचं!" मध्येच सीमाच्या कण्हण्याचा आवाज आला. मी भिंतीशी लटकून ऐकत होतो. मग ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला आणि दूर गेला.

पुढे कधी तरी दुसऱ्या गावच्या नर्सबाई दर मंगळवारी येऊ लागल्या. त्यांच्याकडे सीमा टाके दाखवायला आली. बाळ गेलं होतं. तिचा जीव वाचवायला डॉक्टरांनी गर्भपिशवी काढली होती. नर्सबाईंना घाई होती. त्यांनी मला ओढलंच नाही. सुभद्रा टेबलाशीच उभी राहिली.

"पोरगा होता वो," ती म्हणाली. "आता हिचं काही होत नाई. नितेशसाठी दुसरी पाहून राह्यलो आमी."

नर्सबाईंनी टाक्यांवर बोट दाबलं आणि सुभद्राला विचारलं, "दुखतं का हिला?"

"नाई दुखत," सुभद्रा म्हणाली.

मित्रांनो, दुखत होतं. सीमाच्या मुठीत माझं टोक होतं आणि तिची नखं कापडातून आरपार गेली होती. तुमच्या घरची बाई दवाखान्यात जाईल, तेव्हा पडदा नीट ओढा आणि बाहेर थांबा. तिचं तिला बोलू द्या. सीमाला आता कोणी काही विचारत नाही.