दोऱ्याने बांधलेली संत्री

आमच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला, तेव्हा रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाविरुद्ध मीच तक्रार केली. पंपाची जमिनीतली टाकी आमच्या बांधाला लागूनच आहे. पाणी तपासायला सरकारी साहेब येईल म्हणून वाट पाहत होतो, तर आला कोण? तेल कंपनीचा वैभव नावाचा गोरागोमटा पोरगा, कॅमेरेवाल्यांना घेऊन.

त्याला शेतकऱ्याच्या घरचा हसरा चेहरा हवा होता. माझी सासू जयवंताबाई, म्हणजे आमच्या आई, त्याला बघताक्षणी आवडली. बागेत तेव्हा एक फळ नव्हतं. मग कॅमेरेवाल्यांनी बाजारातून संत्री आणून फांद्यांना दोऱ्याने बांधली.

"पंपाची जाहिरात, अन् तेलाचा थेंब कुठीच दिसून नाही राहिला?" मी विचारलं.

"वहिनी, तेल विकणारे तेल कधीच दाखवत नाहीत," तो कौतुकाने म्हणाला. "शंभर वर्षांपासूनची रीत आहे. कुठे वाघ, कुठे फुलपाखरू. इथे आजी."

वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काय!

पंपावर आईंच्या फोटोचा घराएवढा बोर्ड लागला. संध्याकाळी त्यातले दिवे लागले की खालचे खांब अंधारात बुडत, आणि सोनेरी बागेत उभ्या असलेल्या आई मागच्या कपाशीच्या शेतावर तरंगताना दिसत. जामसांवलीच्या मारुतीला जाणारी माणसं गाड्या थांबवून फोटो काढत, एखादी म्हातारी हातही जोडी. मामंजींनी जन्मभर जिच्याकडे धड पाहिलं नाही, तिला आता सगळा रस्ता पाहत होता. आई रोज पंपासमोरच्या पुलावर जाऊन बसू लागल्या. एकदा बोलवायला गेले, तर त्यांच्या चेहऱ्यावर तो पिवळा उजेड पसरलेला होता. मी शेजारी टेकले. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही संत्र्याच्या फुलांचा वास आला, आणि घरी परतायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

इकडे बांधाकडची झाडं पानं गाळत होती. बहार धरण्यासाठी आमच्याकडे झाडांचं पाणी तोडून पानं गळू देतात, त्याला ताण देणं म्हणतात. शेजारचे हिरामणभाऊ मला चिडवत, "किती ताण देता वं झाडाले!" माझ्या अंगाचा तिळपापड होई.

शेवटी साहेब आला. आईंना पाहून ओशाळवाणा हसला. "बोर्डावर तर तुम्हीच आहात! मग तुम्हीच सांगा, पाण्याला वास येतो? येत असेल तरच नमुना नेतो."

मी विहिरीच्या पाण्याची बादली आईंपुढे ठेवली. आमची विहीर, आमची बाग, सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं. आईंनी वाकून वास घेतला. पदर नाकाला लावला. मग ताठ उभ्या राहिल्या आणि आमच्या घरात कोणी बोलत नाही अशा साफसुथऱ्या मराठीत म्हणाल्या, "पाणी अगदी गोड आहे."

साहेबाने पिशवी बंद केली आणि तो निघून गेला.

"आई, काहून खोटं बोलल्या?" मी ओरडलेच.

त्या रागावल्या नाहीत. "वास येते वं. मले का समजत नाही? पन तसं म्हनलं असतं, तं त्यायनं बोर्ड उतरवला असता." मग बांधाकडच्या झाडांच्या उरलेल्या खराट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तितं बोर्डावर समदं हिरवं हाय. इतं माह्यासाठी काय ठेवलं तुमी?"