वरच्या मजल्यावरचं दळण

वृंदाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. अंबरनाथच्या ज्या रंगाच्या कंपनीत ती टायपिस्ट होती, तिथे काचेच्या खोलीत कॉम्प्युटर येऊन बसला होता. टायपिस्टांपैकी एकीला त्या खोलीत खुर्ची मिळणार, बाकीच्यांची बदली तारापूरला. तारापूर म्हणजे नोकरी सोडणंच. बदलापूरहून रोज तिकडे जाऊन पोराची शाळा सांभाळणारी बाई अजून जन्माला यायची होती. साहेबांची अट साधी: प्रोग्रॅम स्वतः लिहा, स्वतः चालवा आणि त्याने छापलेला कागद सोमवारी टेबलावर ठेवा.

श्यामकांत सरांनाही थोडं मिळायचं होतं. फॅक्टरीतली ऑफिसरकी सोडून त्यांनी बदलापूर स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर, कॉम्प्युटर क्लास काढला होता. पाटीवर ‘हमखास नोकरी’ लिहून झालं होतं. हमखास नोकरीला लागलेला माणूस तेवढा मिळायचा होता.

श्रावणातल्या रविवारी दुपारी वृंदा मशीनसमोर बसली. प्रोग्रॅम एवढासाच. ऑफिसचा जो पत्ता ती रोज पाकिटांवर ठोकत असे, तो कागदभर छापायचा.

“आता कंपाइल,” सर म्हणाले. “म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला पचेल असं करून द्यायचं. चहा होईपर्यंत चालतं ते. हात लावायचा नाही.”

चहा व्हायच्या आधीच दिवा मंद झाला, पडदा काळा पडला आणि मशीनने पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच. मग पुन्हा. तेव्हा वृंदाने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. गिरणीवाला बुधाजी गहू संपले की मोटर बंद करी, दगड झाडी, ज्वारी ओती आणि मोटर चालू करी. मोटर उचलताना सगळ्या इमारतीची वीज खेचून घेई.

“स्टॅबिलायझर पुढच्या महिन्यात येतोय,” सर म्हणाले. मागच्या महिन्यातही तो पुढच्याच महिन्यात येणार होता.

आणि लाइनच्या कामासाठी चार वाजता वीज जाणार होती. वृंदा खाली उतरली.

“बुधाजीदादा, जरा वेळ गिरणी थांबवाल?”

“चारला लाइट जातेय, ताई. आता थांबवली तर या बाया मलाच दळतील.”

“मग थांबवूच नका. चालूच राहू द्या.”

“रिकामी फिरवली तर दगड दगडाला खातो. आणि सारखी भरत राहिलो तर एकीचं पीठ दुसरीच्या डब्यात. वर करता तरी काय एवढं?”

“लिहिलेलं दळून घेतेय. मशीनला खाता येईल असं.”

“म्हणजे माझाच धंदा, तोही माझ्याच डोक्यावर.”

रांग हसली. वृंदाने तारापूरचं सांगितलं. पुढे उभी असलेली वेणू म्हणाली, “ओत रे बुधाजी. पोळीत ज्वारी आली तर आमच्या ह्यांना कळणार आहे थोडंच? त्यांना आमटीत मीठ नसलेलं कळत नाही.”

एक एक करून माना हलल्या. अडलं ते ठमाबाईपाशी. तिच्या डब्यात सोमवारच्या उपासाची वरी होती. उपासाच्या दळणाला गिरणी थांबवून दगड साफ झाडावेच लागत, आणि गव्हाचा हात डब्याला लागला तरी ठमाबाई अख्खी आळी जागी करी. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या.

“जा गो वर,” ती म्हणाली. “माजा शेवटी.”

“पण मावशी, चारला...”

“चारचा मी बगीन. तारापूरला तू जानार का मी?”

बुधाजीने गव्हावर ज्वारी ओतली, ज्वारीवर डाळ. मोटर थांबली नाही. वर दिवा डोळे न मिचकावता जळत राहिला. काही वेळाने खालून हाक आली, “पडलं का पीठ?”

“खडा लागला,” वृंदा खिडकीतून म्हणाली. एका ओळीचा पूर्णविराम राहिला होता आणि त्यापायी मशीनने सगळंच परत केलं होतं. तिने तो दिला आणि पुन्हा कंपाइल लावलं. खाली गिरणी रिकामी पडू नये म्हणून वेणूने घरी निरोप धाडून आणखी गहू मागवले.

मग प्रिंटर खरखरू लागला. पत्ता एकाखाली एक उतरत गेला, आणि वृंदाचे दोन्ही हात मांडीवर होते. आपण काही न ठोकता हा पत्ता उमटतोय, हे तिला कितीतरी वेळ खरंच वाटेना.

कागद घेऊन ती जिना उतरली आणि वीज गेली. ठमाबाईच्या मांडीवर डबा तसाच बंद होता.

“येवढ्यासाठीच?” कागदाकडे बघत ठमाबाईने विचारलं.

“एवढ्यासाठीच, मावशी.” वृंदा वाकली.

“पाया नको पडू. कागद चुरगलंल.”

तर झालं असं. वृंदाला काचेच्या खोलीतली खुर्ची मिळाली. सरांच्या पाटीखाली तिचं नाव लागलं, पाटीपेक्षाही ठळक. बुधाजीचे दगड शाबूत राहिले. वेणूच्या नवऱ्याने, आज पोळी झकास झालीय म्हणत दोन जास्त खाल्ल्या. पुढे दर श्रावणात वृंदा शनिवारीच वरी दळून ठमाबाईच्या दारी पोचवायची. फेड म्हणून नव्हे, त्या दाराशी गेलं की तिला बरं वाटायचं म्हणून. पण त्या सोमवारी वरीची भाकरी हुकली ती एकट्या ठमाबाईची, आणि तिने तो दिवस केळी खाऊन काढला.