हात वर कर

बाहेर.
अंबरनाथच्या कारखान्याच्या गेटावर महिपती बारा वर्षं दरवान. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने कधी पासाशिवाय आत सोडलं नाही. झडती घेताना येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच हुकूम: हात वर कर.

आत.
घरात मूल नव्हतं. नऊ वर्षं आई, बनूबाई, सुनेला अंगारे लावत होती आणि सरू मुकाट लावून घेत होती.

बाहेर, १९९२.
उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट महिपतीपुढे सरकवला. "भाऊ, तुमच्या अंगातला वॉचमन, म्हणजे रोगाशी लढणारी शक्ती, जादा कडक आहे. बीज चांगलं आहे, पण घरच्यालाच चोर समजून बांधून ठेवतो."
सरू पदराआड हसली. "माणूसच तसा आहे, बाई."
आधी त्या वॉचमनला नरम करायच्या गोळ्या झाल्या. महिपतीचं तोंड पुरीसारखं फुगलं, गुण शून्य. मग ठरलं: बीज थेट औषधी पाण्याच्या बाटलीत घ्यायचं, म्हणजे वॉचमनला धरायला सवड नको, लॅबमध्ये धुऊन सरूच्या गर्भपिशवीत सोडायचं. दवाखान्यात लोक दार ठोठावत, महिपतीला काही जमेना. म्हणून घरूनच. बाटली काखेत, उबेत. अर्ध्या तासात पोचायचं.
"आईंना सांगाल ना, दोष कुणाचा ते?" सरूने विचारलं.
"बघू."

आत, सकाळी साडेआठ.
सरू दवाखान्यात पुढे गेलेली. दारात बनूबाई.
"काखंत काय रं? गळू झालंय?"
"काही नाही."
"हात वर कर."
बारा वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. हात तर वर करता येईना. मग तोंड उघडलं. "आई, दोष माझ्यात आहे. सरूत कधीच नव्हता. काखेत तुझा नातू आहे, झाला तर."
"म्हंजी नऊ वर्सं मी त्या पोरीला..." मग एकदम, "आरं मग हुबा काय ऱ्हायलास? गार हुईल की."
आणि म्हातारी अनवाणी धावली, रिक्षा अडवायला.

बाहेर, दवाखान्यात.
बनूबाईने सरूच्या कपाळावरचा अंगारा आपल्या पदराने पुसला. महिपतीने घड्याळ पाहिलं. सव्वीस मिनिटं.

आत.
ती खेप फुकट गेली, दुसरीही. तिसरी लागली.
मुलगी झाली त्या दिवशी महिपती ड्यूटीवरून खाकीतच धावत आला. खोलीच्या दारात बनूबाई आडवी.
"हात धुऊन ये. त्याबिगर आत सोडायची न्हाई."
"आई, बाप आहे मी तिचा."
"असशील."
आतून सरूचं हसू ऐकू आलं. तो हात धुऊन आला आणि कुणी न सांगता त्याने दोन्ही ओले हात वर केले.