ठोका कोणी हलवला?

माझा जावई माझे ठोके चोरून सरळ करतोय, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त पुरावा हवा होता.

आमच्या बँडमध्ये मी एकतीस वर्षं ड्रम वाजवतोय. गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरलो आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "ज्या दिवशी माझा ठोका दुसऱ्या कुणाला सरळ करावा लागेल, त्या दिवशी काठ्या खाली ठेवीन." बोलून बसलो. आता नवा अल्बम करायचा ठरला, चार गाण्यांचा, आणि रेकॉर्डिंग जावयाच्या मागच्या खोलीत.

त्या खोलीत खरे ड्रम मावत नाहीत. रबरी पॅड आहेत. मी पॅडवर मारतो, पण कॉम्प्युटर आवाज ठेवतच नाही, नुसती नोंद ठेवतो. कुठला ड्रम, कधी, किती जोरात. याला मिडी म्हणतात. आवाज मागाहून त्यातून काढायचा. आता तुम्हीच सांगा, नोंद म्हटली की खाडाखोड आलीच. उशिरा पडलेला ठोका माउसने उचलून जागेवर ठेवला, तर कुणाच्या बापाला कळणार?

आणि मला खटकत होतंच. पॅडवर मनगट कुरकुरायचं, पण गाणं ऐकलं की डावा हात चोख. इतका चोख तो माझ्या पंचविशीतही नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं. त्यात दोनदा मी न सांगता खोलीत शिरलो, तर जावयाने घाईघाईने स्क्रीनवरचं काहीतरी बंद केलं. दुसऱ्यांदा ओझरतं दिसलंच. स्क्रीनवर प्रत्येक वाद्याची एक आडवी पट्टी असते. त्या पट्ट्यांचे बारीक बारीक तुकडे, काकडी चिरल्यासारखे.

मुलीला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "बाबा, तो सगळ्या सुट्ट्या तुमच्या गाण्यांत घालवतोय, आणि तुम्ही त्याच्यावर पहारा ठेवताय?"

"म्हणूनच ठेवतोय. सगळ्या सुट्ट्या जाव्यात एवढं असतं काय त्यात?"

मी चिडलो की जावयाला अहो-जाहो करतो. रविवारी सकाळीच त्याच्यासमोर जाऊन बसलो. "जावईबापू, आज माझ्या नोंदींचा आवाज करून टाका. प्रत्येक ड्रमची वेगळी पट्टी. एकदा आवाज झाला की कुणी खुडबुड करायला नको."

"बाबा, शेवटी सगळं एकदम काढू ना."

"आज. आणि माउस मी धरणार."

त्याचा चेहरा पडला. मला आतून गुदगुल्या झाल्या.

काम सोपं होतं. हवा तो ड्रम चालू ठेवायचा, बाकी सगळं बंद करायचं आणि पट्टी काढायची. पायाचा ड्रम काढला, झांजा काढल्या. राहिला स्नेअर, म्हणजे माझ्या डाव्या हाताचा ड्रम. "तो उद्या काढू," जावई म्हणाला. मी माउस सोडला नाही. तेवढ्यात मुलीने त्याला कपाट सरकवायला हाक मारली. जाताना तो दारात दोनदा थबकला.

मी डोळ्यांत तेल घालून एकेक पट्टी बंद केली, स्नेअर काढला आणि हेडफोन लावून ऐकायला बसलो.

टिक. टिक. टिक.

वाजवताना लय सुटू नये म्हणून कानात जी टिकटिक लावतात, ती बंद करायची राहिली होती. ठोक्यांबरोबर तीही पट्टीत उतरली. हात दाखवून अवलक्षण! हेच जावयाने केलं असतं तर मी आठवडाभर ऐकवलं असतं. मुकाट्याने पुसून टाकणार होतो, पण हात थांबला.

टिक, आणि मग ठोका. टिक, आणि मग ठोका. प्रत्येक ठोका उशिरा. कधी जरासा, कधी चांगलाच.

म्हणजे माझ्या ठोक्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. जावई निर्दोष होता, आणि माझा हात गेला होता. 

मग गाण्यात तो हात चोख कसा? सगळ्या पट्ट्या चालू केल्या. ठोका गिटारवर बरोब्बर बसत होता. टिकटिकीवर नाही, गिटारवर. मग मी गिटारची पट्टी मोठी करून बघितली. काकडी तिथे चिरलेली होती. एकेक तुकडा किंचित उशिरा सरकवून माझ्या ठोक्याशी आणून ठेवला होता. बेसचं तेच, पियानोचं तेच. चार गाणी, ठोक्याठोक्याला. मला जागचं हलवलं नव्हतं, माझ्यासाठी अख्खा बँड हलवला होता.

जावई परत आला. स्क्रीन बघून दारातच उभा राहिला.

"मला का नाही हलवलंस?" मी विचारलं. "एका बटणाचं काम होतं."

"तुम्ही बोलला होतात ना, सगळ्यांसमोर." तो जमिनीकडे बघत होता. "मग तुम्ही काठ्या ठेवल्या असत्या. खोटं तर मला बोलता येत नाही तुमच्याशी."

मला लाज वाटली. मनापासून लाज वाटली, आणि ती लपवायला मी खेकसलो, "ते सगळे तुकडे आधी होते तिथे नेऊन ठेव. बाकीच्यांनी बरोबर वाजवलंय."

"आणि तुम्ही?"

"दुसऱ्या कुणाला सरळ करावा लागला तर, असं म्हणालो होतो मी. मी स्वतः केला तर काय?"

"सगळे निवडून एकदम करता येतात, बाबा. दाखवू?"

"गप्प बस. एकेक करणार. वाजवताना एकेकच वाजवला होता."

त्याने तुकडे परत जागेवर नेले. मी नोंदी उघडल्या. डावा हात मांडीवर ठेवला, उजव्याने माउस धरला आणि पहिला ठोका उचलून टिकटिकीच्या रेघेवर आणला. मग दुसरा. जावई बाजूला स्टूल ओढून बसला. पहिलं कडवं संपता संपता म्हणाला, "बाबा, हा जरा पुढे गेला."

खरंच गेलाय का, हे मी तपासलं नाही. मागे घेतला.