साळूबाईंच्या इंजिनाची पाटी

एकेचाळीस तक्ते पुरे झाले की विष्णुपंतांची वडूजहून सांगलीला, विश्रामबागेतल्या कचेरीत बदली होणार होती. त्यात आपला फायदा किती, हे त्यांनी एसटीत बसल्या बसल्या पुन्हा एकदा मोजलं. बायकोच्या, शरयूच्या हातची गरम पोळी, दोन्ही वेळा. खाणावळीच्या आमटीतून कायमची सुटका. दर शनिवारी पिशवी भरणं नाही, दर सोमवारी ती रिकामी करणं नाही. चाळीस तक्ते झाले होते. सगळं अडलं होतं ते रहिमतपुरातल्या एका तक्त्यावर.

शहात्तर साल होतं. विष्णुपंत ज्या सहकारी संघात कारकून होते, त्याला पाणी उपसणारं एकूण एक साधन टिपून हवं होतं. कुठल्या जातीचं, किती ताकदीचं, कशावर चालतं. ही माहिती पुण्याच्या कॉम्प्युटरला जायची, आणि त्या यंत्राला मोकळा रकाना खपत नसे. मोट असो, ऑइल इंजिन असो की विजेची मोटर, तिन्हींना तक्ता एकच. वडूजकडे एका मोटवाल्याच्या तक्त्यात विष्णुपंतांनी व्होल्टपुढे शून्य घातलं, तर म्हातारा रुसला. "शून्य म्हंजी? माज्या बैलांत कायबी न्हाई व्हय?" इंजिनवाले त्याहून वरचढ. ताकद विचारली की आधी शेजाऱ्याची किती लिहिली ते विचारणार, आणि आपली एकानं चढवून सांगणार. म्हणून विष्णुपंतांनी एक नेम ठरवला होता. माणसाचं ऐकायचं, पाटीवरचं लिहायचं.

रहिमतपुरातला अडलेला तक्ता साळूबाईंचा. त्यांच्या इंजिनाला ताकद आणि नंबर कोरलेली पाटी होती, पण ती दिसत नव्हती. खंडेनवमीला सगळेच इंजिन पुजतात. साळूबाई रोज पुजत. दोन वर्षांचं हळदकुंकू आणि तेल बसून पितळी पाटीवर बोटभर थर चढला होता. फौजेतला त्यांचा मुलगा नाथाजी रजेवर आला, तोही त्या थरालाच नमस्कार करून गेला. मागच्या खेपेला विष्णुपंतांनी नेम मोडला, शेजारच्या केरबाच्या सांगण्यावरून आठ हॉर्सपॉवर लिहिलं आणि इंजिनाचा नंबर मोकळा सोडला. तक्ता पुण्याहून परत आला.

आजही केरबा विहिरीच्या काठावर बसलेला होताच. नाथाजीला जाणारी पत्रं तोच लिही, त्यामुळे या घरातलं आपल्याला ठाऊक नाही असं काही नाही, अशी त्याची समजूत होती.

"मावशी, पाटी पुसावी लागेल," विष्णुपंत म्हणाले.

"कुंकू पुसायचं? माज्याच दारात यून?" साळूबाई म्हणाल्या. "सायेब, चांगल्या घरचं दिसताय की वो तुमी."

"आवं, आठ घोड्यांचं हाय, लिवा आन् मोकळं व्हा," केरबा म्हणाला. "नाथानं आठाचं पैसं धाडलं तवाचं पत्र म्याच वाचलं हुतं."

"नंबर पाहिजे, केरबा. त्याच्यावाचून माझी बदली अडलीय."

साळूबाईंनी विष्णुपंतांकडे नीट बघितलं. "बदली कुटं?"

"सांगलीला. बायको तिथं असते."

"किती वरीस झालं?"

"सहा."

साळूबाईंनी काठावरच्या केरबाकडे एक नजर टाकली. मग म्हणाल्या, "केरबा, तुजी म्हस माज्या कडवळात शिरली जनू. बग जा." केरबा उठून गेला. "आता सायेब, पुसायचं तर आर्धंमुर्धं न्हाई. समदं इंजिन रॉकेलनं धुवायचं, आन् मागनं पूजा घालायची. नारळ तुमचा."

ज्या धुण्याला मिस्त्री दोन दिवसांची मजुरी मागत होता, ते बाईंनी एका पाटीच्या बोलीत बसवलं, हे विष्णुपंतांना कळत होतं. पण नारळ त्यांच्या पिशवीत आधीपासूनच होता. त्यांनी बाह्या सरसावल्या. तासाभरात इंजिन उजळलं आणि सदरा काळा झाला. शेवटी पाटी पुसली. नंबर उतरवून घेतला, आणि शेजारच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"मावशी, हे तर पाच..."

"हळू." साळूबाई जवळ आल्या. "हिरीत पानी किती? आठ घोडी जुपली तर दुपारपतूर तळ दिसंल. पाच बास झाली. उरल्या पैशात माजी लेक अंजना साताऱ्याला मास्तरनीचं शिकतीया. नाथा म्हनला हुता, पोरीला लय शिकवू नगं. त्याला वाटतं, मामाच खर्च करतोय. मार्चात परीक्षा झाली की मीच सांगनार हाय त्याला. तवर केरबाच्या पत्रातनं जायाला नगं."

"हा तक्ता पुण्याला जातो, मावशी. तिथल्या यंत्राची आणि केरबाची ओळख नाही."

"मग खरं आसंल त्येच लिवा."

विष्णुपंतांनी पाच लिहिलं. साळूबाईंनी मूठभर कुंकू तेलात कालवून पाटीवर थापलं. तेवढ्यात केरबा परत आला.

"म्हस न्हाई नि काय न्हाई. किती निघालं वो सायेब?"

"होतं तेवढंच," विष्णुपंत म्हणाले आणि त्यांनी नारळ फोडला.

"म्या म्हनलं नव्हतं?" केरबानं खोबऱ्याचा मोठा तुकडा उचलला.

डिसेंबरात विष्णुपंत विश्रामबागेत पोचले. मे महिन्यात त्यांना एक कार्ड आलं, वळणदार अक्षरात. अंजना पास झाली. नाथाजी रजेवर आला, आईनं सगळं सांगितलं. तो आधी विहिरीवर जाऊन इंजिन बघून आला. मग म्हणाला, शाळा कुठली मिळतेय, बघून येतो. घरची पत्रं आता अंजनाच लिहिते. केरबाकाका जरा घुश्शात आहेत.

शरयूनं पानात गरम पोळी वाढली, आणि विष्णुपंतांनी हिशेब मिटवला. रॉकेल साळूबाईंचं. नारळ आणि एक सदरा आपला. केरबाची एक चक्कर फुकट. उरल्या तीन घोड्यांवर अंजना मास्तरीण झाली, आणि त्यांचे पैसे नाथाजीनं भरले होते.