काकासाहेबांचं बीपी, माईकवर

घनसावंगीच्या बाहेर मुलींची एक निवासी शाळा आहे आणि तिला चिकटून पिठाची गिरणी. मधली भिंत म्हणजे नुसता पत्रा, आणि नेमकी त्या पत्र्याला लागून गजाला सिस्टरची खोली. बीपी बघायला कानात नळ्या घातल्या की पोरीच्या ठोक्यांऐवजी गिरणीच ऐकू यायची. पट्टा पुन्हापुन्हा फुगवावा लागे, पोरी खुदुखुदु हसत आणि सिस्टरचं डोकं फिरे.

म्हणून तिनं मुख्याध्यापक भागवत सरांच्या मागं लकडा लावला होता. हे फुगा दाबायचं मशीन बस झालं, बटणाचं घ्या.

"फुग्याचं पक्कं असतंय सिस्टर, सेलबी लागत न्हाईत," सर म्हणायचे. "अन् बटन दाबलं की आकडा येत असंल, तर मंग सिस्टर कशाला पाहिजे, असं वरून कोनी इचारलं तर मी काय सांगू?"

गजाला हसायची. सर म्हणजे घाबरट माणूस, असं तिचं मत होतं. तिची नोकरी दरवर्षी नव्यानं मिळायची, संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांच्या सहीनं. घर त्याच पगारावर चालायचं. पण काकासाहेब दिलाचे मोठे, ते असलं काही विचारणार नाहीत, अशी तिची समजूत.

तर जालन्याहून दोन्ही मशीनं नमुन्याला आली. आता कुठलं ठेवायचं ते खोलीत बसून ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण काकासाहेबांना माईकशिवाय काही ठरवता येत नसे, आणि त्यात ते कारखान्याच्या निवडणुकीला उभे. मांडव घातला, गावोगावचे सभासद बोलावले. शाल झाली, नारळ झाला, चहा झाला. मशीनलासुद्धा हार घातला. हो, मशीनला.

"हे पाहा," बटणाचं मशीन उंच धरून काकासाहेब माईकवर म्हणाले, "हे आपला शिपाई संपतबी चालवीन. मंग सिस्टरचा खर्चा कशाला? बराबर का न्हाई?"

मांडव हसला. गजालानं आपल्याच तोंडानं मागितलेलं मशीन तिच्याच पोटावर पाय देत होतं, आणि समोर भागवत सर 'मी म्हणत नव्हतो का' अशा तोंडानं बसले होते.

संपतनं काकासाहेबांच्याच दंडावर, शालीवरून, जाकिटावरून पट्टा आवळला आणि बटण दाबलं. काकासाहेब पायावर पाय टाकून माईकमध्ये बोलतच होते. हे मशीन बोलणारं आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यातली बाई माईकवरून खणखणीत म्हणाली, "आपका रक्तचाप बहुत ज़्यादा है. कृपया डॉक्टर से संपर्क करें."

मागच्या रांगेत विरोधी पॅनेलच्या एकानं हळूच फोन काढला.

"पुन्हा लाव," काकासाहेब म्हणाले. संपतनं लावलं. बाईनं पुन्हा तेच सांगितलं, आणि आकडा आणखी वर.

असं मोजलेलं बीपी खोटं असतं, हे गजालाला ठाऊक होतं. तरी ती गप्प राहिली. घ्या आता संपतकडून मोजून, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरंही वाटलं. पण तिसऱ्यांदा पट्टा आवळताना काकासाहेबांचा चेहरा पांढरा पडला, ओठ सुकले, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं स्टेजवर जाऊन आधी माईक बंद केला.

"शाल काढा. जाकीट काढा. पाय खाली. आता अजिबात बोलायचं न्हाई."

"किती येळ?"

"मी सांगेपर्यंत."

काकासाहेब स्टेजवर गप्प बसलेत, हे त्या मुलखात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. लोक उठून उभे राहून बघत होते. बऱ्याच वेळानं गजालानं उघड्या दंडावर पट्टा बांधला, बटण दाबलं आणि मशीनमधल्या बाईच्या तोंडावर तळहात दाबून धरला. आकडा उतरला होता. पण बरा नव्हता.

तिनं वाकून कानात सांगितलं.

"इतकं गप बसूनबी?"

"हो. संध्याकाळच्या आत डॉक्टरला दाखवा."

खालून सगळा मांडव तिच्या चेहऱ्यावरून आकडा वाचायला बघत होता. तिनं चेहरा असा ठेवला, जणू स्टँडवर बसची वाट बघतेय.

काकासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सिस्टर, तुम्हाला कोनी इचारलं तर?"

"बोलतंय ते मशीन, काकासाहेब. मी न्हाई."

काकासाहेबांनी माईक चालू केला. सवयीनं घसा खाकरला, पण भाषण काही आलं नाही.

"मशीन कोनतंबी घ्या," ते म्हणाले. "सिस्टर हीच ठेवा."

बटणाचंच घेतलं. त्याच्या बाजूला आवाज बंद करायचं बारीक बटण होतं, ते गजालाला त्याच दिवशी सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आत काकासाहेब तिच्या दारात आले. जाकीट घरी ठेवून, खिशात डॉक्टरच्या गोळ्या घेऊन. खुर्चीवर बसले, पाय खाली टेकवले आणि काही न बोलता बाही वर सारली.